फाट्यावर थांबणारी एसटी

आज आमच्या फाट्यावर एसटी थांबली. शाळेच्या मुली दप्तरं सावरत, एकमेकींना ढकलत चढल्या. "चला गं महाराण्यांनो, पालखी आणू का?" कंडक्टर ओरडला. त्या खिदळल्या. गाडी थांबते यात त्यांना काहीच विशेष वाटत नव्हतं.

आम्ही तेरा वर्षांच्या होतो तेव्हा ती थांबत नसे. एका सकाळी माझी मैत्रीण शकू सरळ रस्त्यात जाऊन उभी राहिली. वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालणारी मुलगी ती. ड्रायव्हर चिडून उतरला. "कुणाची गं तू?" अशा वेळी बापाचं नाव सांगायची आमच्याकडची रीत. ती म्हणाली, "मी शकुंतला. आम्हाला शाळेत जायचंय." तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता. बहुतेक तिनंही नसावा.

गाडी थांबू लागली. शकूची शाळा मात्र त्याच संध्याकाळी कायमची सुटली. "आज रस्ता अडवला, उद्या काय करील?" तिचे वडील म्हणाले.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. लढा जिंकला की पत्रक संपतं. जिंकून घरी गेलेल्या मुलीचं पुढे काय झालं, ते त्यात नसतं. सभांमधून मुलींना 'उभ्या राहा' म्हणताना आता मला शकूची ती संध्याकाळ आठवते. तरी म्हणते, कारण त्या सकाळची शकू मी पाहिली आहे.

परवा एका लग्नात ती भेटली. मुलाला भरवता भरवता हळूच म्हणाली, "गाडी थांबते ना गं अजून?"

"थांबते."

तिचा चेहरा उजळला आणि तिनं मुलाला पुढचा घास भरवला.