लांबडा भोपळा

अगं, फोन ठेवू नकोस, आधी ऐक. भोपळ्यापायी मावशीवर कुणी रुसतं का? दिवाळीत आलीस, वेलावरच्या कोवळ्या भोपळ्याला सरळ बोट दाखवलंस आणि आता तो कुजणार म्हणून मी ओरडले. तर तू म्हणालीस, "कुजला तर मी पुन्हा उत्रोलीला येणारच न्हाई!"

शेजारचे सायकलवाले भावजी तुला ठाऊकच आहेत. सगळं दोनदोनदा बोलणारे. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये म्हणून ते बोट वाकडं करतात. ते इतकं अंगवळणी पडलंय की कुणी एसटीचा थांबा विचारला तरी वाकड्या बोटानंच दाखवतात.

तर तो भोपळा खरंच कुजला. माशीचा डंख होता, तुझ्या बोटाचा दोष न्हाई. पण मी रडवेली होऊन भावजींना म्हणाले, "आता पोरगी यायची न्हाई." ते नुसतं "बघू, बघू" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्याच जागी चांगला जून भोपळा! माझ्या वेलाला चपटे लागतात, हा लांबडा, भावजींच्या परसातल्यासारखा. देठ वेलाला बांधलेला, तोही सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं.

"भावजी, हा असा लांबला कसा?"

टायर तपासावा तसा भोपळा ठोकून बघत ते म्हणाले, "थंडीनं वहिनी, थंडीनं."

मीही "व्हय" म्हणाले. ती पट्टी अजून सोडली न्हाई. त्याचे गोड घारगे तू आल्यावरच करीन. लवकर ये, आणि भावजींसमोर तेवढं हसू नकोस.