एक जुलैवाले

सत्तरच्या दशकात मी नागपूरला बी.एस्सी. करत होतो. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना गमतीच्या गणितांचा भारी नाद. एका तासाला म्हणाल्या, "तेवीस जण जमले, की त्यांत दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. तुम्ही तर चाळीसच्या वर आहात. जोडी नाही निघाली तर आलूबोंडे माझ्याकडून."

वर्ग तारखा सांगायला लागला. मी म्हणालो, एक जुलै. शेजारचाही एक जुलै. मागच्या बाकावरून पुन्हा एक जुलै. शहरातली पोरं खो खो हसायला लागली. खेड्यात शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जुलै लिहायचे, हे त्यांना काय माहीत! एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, पण तापले माझेच कान.

बाई हसल्या नाहीत. "ही पैज मी हरले," त्या म्हणाल्या. "सगळे दिवस सारखेच, असं मी धरून चालले होते. या तारखा तर शाळेनं दिलेल्या." आलूबोंडे त्यांनी खरंच मागवले.

"म्हणजे हिशेबातून आम्हाला वगळणार?" मी चिडून विचारलं.

त्या माझ्या बाकापाशी आल्या. "नाही. खरा जन्म कधीचा, ते घरी विचारून ये."

रविवारी कळमेश्वरजवळच्या आमच्या गावी गेलो आणि मायला विचारलं. ती म्हणाली, "तारीख मले कुठून ठाऊक राहीन गा? दसऱ्याले दीक्षा घ्याले नागपूरले गेलो तवा तू पोटात होता. मंग थंडी पडली, कापूस वेचून राहिलो होतो, तवा झाला. संक्रांत अजून यायची होती."

सोमवारी वर्गात हे सांगितलं. बाईंनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. एका टोकाला दीक्षा लिहिलं, दुसऱ्या टोकाला संक्रांत. थंडी पडायच्या आधीचा तुकडा पुसून टाकला. "उरलेल्यात कुठंतरी तू आहेस. तुझ्या आईनं फार नीट सांगितलं. आपलं शास्त्रही एवढंच सांगू शकतं." माझ्या मायचं बोलणं कॉलेजच्या फळ्यावर होतं आणि कोणी हसत नव्हतं. त्या बाईंइतका मोठा माणूस मला पुढं भेटला नाही.

हिवाळा लागला. मी व्हरांड्यात दिसलो की बाई थांबायच्या. "आजही शक्यता आहे," म्हणायच्या, "शुभेच्छा." आमच्या घरी वाढदिवस कधी कोणी केला नव्हता. त्या वर्षी माझा संक्रांतीपर्यंत जवळजवळ रोज झाला.