शेवटची खुंटी तिरकी

लाकूड दिसलं की मेस्त्रींचा हात जायचाच. दार असो, देवळाचा खांब असो की चर्चमधला बाक, मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचे आणि कान लावायचे. "हात लावल्याबिगर लाकूड बोलत नाय, टीचर." आमच्याकडे पहिल्यांदा आले ते खिडकी दुरुस्त करायला, पण चहा निवेपर्यंत माझ्या जेवणाच्या टेबलाची लाज काढत बसले. "ह्यो दाबलेला भुसा हाय. भुश्यावर जेवता तुमी."

मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणारी, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ते वसईजवळच्या एका वाडीतले ख्रिस्ती सुतार, माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला सगळे रागीट म्हणतात आणि ज्याचं दहातल्या नऊ वेळा बरोबर असतं.

टेबलाची लाज काढून झाल्यावर त्यांची नजर हॉलमधल्या जुन्या सागवानी पेटीवर गेली. त्यांच्याच वाडीतलं एक घर बिल्डिंगसाठी पाडलं, तेव्हा मी ती विकत घेतली होती. त्यांनी झाकण उघडलं, आत उजव्या कोपऱ्यात बोट फिरवलं. मग म्हणाले, "लग्नाची पेटी ही. बाकी खुंट्या बांबूच्या, सुतार मारतो. ही शेवटची चिंचेची. ही नवरीची आय ठोकते. बायचा हात, ठोका कच्चा, म्हनून तिरकी. आमच्या वाडीबाहेर कोन असं करत नाय. जपा हिला."

मी "हो" म्हटलं. हे "हो" लक्षात ठेवा.

काही वर्षांनी त्यांच्या मुलीनं, जी युरोपात नर्स आहे, त्यांना तिकडे बोलावलं आणि एका रविवारी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात नेलं. कुठलं, ते सांगत नाही. एका दालनात दोरीपलीकडे पेटी होती, झाकण उघडं. पाटीवर लिहिलं होतं: गोवा, कारागीर अज्ञात. मुलीनं वाचून दाखवलं तोवर मेस्त्री दोरीखालून आत गेले होते आणि त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यात पोचलं होतं.

भोंगा वाजला. दोघा पहारेकऱ्यांनी त्यांचे दंड धरले. मुलगी माफी मागत होती आणि हे मराठीत ओरडत होते, "आमच्या वाडीची हाय ती! खुंटी बघा!" सत्तरीच्या माणसाला त्यांनी अर्धा तास एका खुर्चीवर बसवून ठेवलं, चोरासारखं. लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. पेटी ज्यांनी इथून उचलून नेली, त्यांना कोणी असं बसवलं होतं का?

परत आल्यावर ते थेट माझ्याकडे आले. "अज्ञात म्हंजे कोनाला अज्ञात? इचारलं कोनी आमाला? लिवा पत्र."

मी "नम्र विनंती" असं लिहिलं. अर्थ विचारून त्यांनी ते खोडायला लावलं. "चूक त्यांची आन् विनंती आमची?"

उत्तर आलं. तुमच्या आस्थेबद्दल आभार, अशाच खुंटीची दुसरी पेटी असल्यास छायाचित्र पाठवावं, पाटीचा विचार करू. मी ते त्यांना फोनवरच वाचून दाखवलं. मेस्त्री हसले. मी त्यांना हसताना फार कमी वेळा ऐकलं होतं. त्यांच्या घरची पेटी वाळवीनं खाल्ली होती, वाडीतल्या लोकांनी नव्या बंगल्यांपायी जुनं सगळं भंगारात दिलं होतं. "पन तुमच्याकडं हाय ना! उद्या येतो."

 दोन वर्षांपूर्वी मी ती पेटी सातिवलीच्या एका कारखान्यात दुरुस्तीला दिली होती. आतून पांढरं लॅमिनेट, खुंट्या काढून सगळीकडे स्क्रू, वरून चकचकीत पॉलिश. सोसायटीतल्या बायकांनी कौतुक केलं होतं. मला, शिकलेल्या बाईला, त्या खुंटीची आठवणसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी झाकण उघडलं. बोट उजव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिकडं निदान दोरी तरी होती," ते म्हणाले.

मी घाईघाईनं बोलले, "मेस्त्री, चिंचेची नवी खुंटी मारा ना. फोटोत कोणाला कळणार?"

"मी मारली तर सरळ जाईल."

"मग मी ठोकते. मीही मुलीची आईच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला राग मी कधी विसरणार नाही. "ठोकाल. पन पेटी कोनाच्या लग्नाची?"

मग पिशवीतून पेचकस काढला, त्या कोपऱ्यातला स्क्रू सोडवला, माझ्या तळहातावर ठेवला आणि चहा न घेता गेले. पुन्हा आले नाहीत. पुढच्या नाताळाआधी वारले. मी मातीला गेले. शवपेटी साध्या प्लायची होती. तिच्यावर टकटक करायला कोणी नव्हतं.

संग्रहालयाच्या वेबसाइटवर आजही "कारागीर अज्ञात"च आहे. मी त्यांना दुसरं पत्र लिहिलेलं नाही. कुठल्या तोंडानं लिहू?

पेटीच्या कोपऱ्यातलं भोक मी तसंच ठेवलं आहे. एवढ्या छान पेटीला हे कोणी केलं, असं पाहुणे विचारतात. मी सांगते, मी.