चिमटा तीनदा काढला होता

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि माझ्या वडिलांचा तर त्याहून नाही. अप्पा नायगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गावात कुणाच्या अंगात आलं की ते समोर स्टूल टाकून बसायचे आणि सतराचा पाढा म्हणायला लावायचे. अशा घरात मी वाढले. तेव्हा प्रतिक्रियांमध्ये कृपया कुणा महाराजांचे नंबर टाकू नका... वाद घालायची ताकद उरलेली नाही.

मी नांदेडला घरूनच काम करते. आमची कंपनी छोट्या दवाखान्यांसाठी रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन बनवते. बोटाला चिमटा लावायचा, स्क्रीनवर आकडा येतो. आकडा खाली गेला किंवा चिमटा निघाला की मशीन ओरडतं. मशीनचा सगळा कारभार ज्या मूळ प्रोग्रॅमवर चालतो तो कर्नल, आणि माझं काम त्या कर्नलवर.

हे काम मला लातूरच्या वाघमारे सरांनी शिकवलं. आधी कॉलेजात, मग याच कंपनीत शेजारी बसवून. लई तऱ्हेवाईक माणूस. चहाला कधी नाही म्हणाले नाहीत, आणि एक नियम कधी मोडू दिला नाही – कम्पायलरचा, म्हणजे आम्ही लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ऑप्शन एका वेळी एकच बदलायचा. मग चिमटा तीनदा काढायचा, तीनदा लावायचा, आणि मगच पुढच्या ऑप्शनला हात लावायचा.

मागच्या वर्षी सर गेले. हार्ट अटॅक. अप्पांना मी ते सांगितलं नाही. दोघांचं छान जमायचं, आणि अप्पांची फुप्फुसं आता जेमतेम चालतात. धक्का नको म्हणून, "सर कामात आहेत," एवढंच सांगत राहिले. चाचणीसाठी कंपनीने मला दिलेलं मशीन मी अप्पांनाच लावून ठेवलं होतं. ते ओरडतं या भरवशावर मी बाहेरच्या खोलीत काम करू शकायचे.

तर, उन्हाळ्यातली गोष्ट. मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं अशी जळकोटच्या एका डॉक्टरांची तक्रार होती. कर्नल जलद करून त्याच दिवशी पाठवायचा होता. कम्पायलरला जादा ऑप्शन दिले की तो कोड आटोपशीर करतो आणि त्याला बिनकामाचं वाटेल ते उडवून टाकतो. अप्पांच्या खोकल्याने तीन दिवस माझी झोप नव्हती. मी चार ऑप्शन एकदम घातले. सरांनी ठेवलेला एक ऑप्शन जुनाट वाटला, तो काढला. दुपारी अप्पांचं जेवण झाल्यावर नवा कर्नल मशीनवर चढवला, चिमटा त्यांच्या बोटाला लावला. चौऱ्याण्णव आकडा आला. चिमटा काढून बघायचा मला खरंच कंटाळा आला.

बाहेर येऊन मी 'कर्नल तपासला आहे' असा मेल लिहायला बसले. पाठवणार, तेवढ्यात आतून अप्पांची हाक आली.

"अगं, सर गेले की! तू आत कशी आली न्हाईस?"

"कोण सर?"

"तुहे वाघमारे सर. जयभीम गुरुजी म्हणले, खुर्चीवर बसले. हा चिमटा काढून राहिले, लावून राहिले... तीनदा केलं तसं. म्या म्हणलं चहा टाकायला सांगतो, तर न्हाई म्हणले. लई दमल्यावानी दिसले बघ."

माझी खुर्ची बाहेरच्या दारालाच लागून आहे. घरात कुणी आलं नव्हतं, दाराला आतून कडी होती. अप्पांना भास झाला असेल म्हणून मी जवळ गेले, आणि मग स्क्रीनकडे लक्ष गेलं.

चिमटा चादरीवर पडला होता. स्क्रीनवर चौऱ्याण्णव. मशीन गप्प.

त्या अवस्थेत अप्पांचा श्वास अडकला असता तरी मशीन चौऱ्याण्णवच दाखवत बसलं असतं, आणि मी बाहेर निवांत मेल लिहीत असते. चिमटा जागेवर आहे की नाही हे बघणारी एक ओळ कोडमध्ये होती. आधीच्या ओळीत चिमटा वापरलाय म्हणजे तो आहेच, असं धरून कम्पायलरने ती उडवली होती. ती उडवू नये म्हणूनच सरांनी तो जुनाट ऑप्शन ठेवला होता.

इथवर समजण्यासारखं आहे. अप्पांना स्वप्न पडलं, झोपेत त्यांनीच चिमटा काढला, मान्य. पण मशीन स्वतःची नोंद ठेवतं. त्यात पहिल्यांदा चिमटा निघाल्याची वेळ होती, आणि त्याच क्षणी चिमटा सांभाळणारा भाग बंद पडल्याची. चिमट्याच्या नोंदी लिहितो तोच भाग. तरी खाली आणखी दोनदाच्या नोंदी होत्या. लावला, काढला. लावला, काढला.

बंद पडलेल्या भागाने त्या लिहिल्या कशा? तोच कर्नल मी नंतर माझ्या बोटावर अकरा वेळा चालवून पाहिला. दर वेळी एकच नोंद, की सगळं ठप्प. पुण्याच्या सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला लॉगचं, म्हणजे नोंदींच्या फाइलचं, काहीतरी झालं असेल. असेलही. मला तरी उत्तर सापडलेलं नाही, आणि शोधायचं त्राणही नाही. मेल मी पाठवला नाही. सरांचा ऑप्शन परत घातला, बाकीचे एकेक करून तपासतेय.

त्या संध्याकाळी मात्र मी अप्पांच्या पलंगावर बसले आणि सर गेल्याचं सांगून टाकलं. सांगताना मलाच रडू आवरेना. अप्पा बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले,

"हाव... म्हून चहाला न्हाई म्हणले व्हय."