जावयाची नायिका

भंडारा जिल्ह्यात माझ्या धाकट्या मामांइतकी देखणी बाई दुसरी झाली नाही, हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे. मामांना दोन मुली होत्या, सहा एकर धान होतं आणि बैलांना हाक मारली की पलीकडच्या शिवारातले बैल थांबावेत असा आवाज होता. पण दिवाळीनंतर दिघोरीला मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली आणि नाटकाचा पडदा लागला, की त्यात नायिका मामाच. पंचवीस वर्षं मामाच. मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो, तालमींना आणि मंडईला सुट्टी काढून यायचो आणि विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायचो. मामा लुगडं नेसून शेजारी उभे राहिले की मीसुद्धा अंग चोरून उभा राहत असे.

हे रूप मामांना फुकटात मिळालं नव्हतं. सगळं गाव तंबाखू मळायचं, तेव्हा मामा तलावातले शिंगाडे सोलून खात बसायचे. तंबाखूने ओठ काळे पडतात, आणि काळ्या ओठांची नायिका शेवटच्या रांगेतल्या माणसालाही खटकते, असं त्यांचं म्हणणं. उजाडताच तलावाच्या पाळीवरून तीन फेऱ्या, मग तांदळाची पेज, दुपारी ताक. तळलेलं लग्नाच्या पंगतीतही नाही. दुधावरची साय हळदीत कालवून चेहऱ्याला लावायची, त्यामुळे मामीच्या वाट्याला त्या घरात साय कधी आलीच नाही. "घरात एकीनं सुंदर रायलं तरी पुरते," मामी म्हणायची.

रोवणीच्या दिवसांत बाकीचे पुरुष चिखलणी करत, मामा मात्र बायांच्या रांगेत वाकून रोपं लावत. का, तर कंबर लवचीक राहते. लोक हसले तर हसले. पण तिथेच त्यांनी पाहून ठेवलं, की हात चिखलाचे असले म्हणजे बाया खांद्यावरचा पदर मनगटाने वर ढकलतात. मंडईच्या नाटकात मामांनी तसा पदर सारला, तेव्हा बायांच्या बाजूने जो कल्ला उठला, त्यात माझी पुढची दोन वाक्यं बुडाली.

दसऱ्याला मामा मिशी उतरवायचे. आमच्याकडे बाप गेला की मिशी उतरवतात. एकदा लाखांदूरच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाने मामांचं ते कोरं तोंड पाहिलं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायलाच लागला. "लय देवमाणूस होता जी तुमचा बाप!" आजोबा शेजारीच मिरच्या निवडत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "अबे, मी जित्ता हाय ना!"

मामांची मोठी मुलगी लग्नाची झाली, तेव्हा त्यांनी मुलगा शोधायला कुठे जाणंयेणं केलं नाही. नाटकातला नायकच निवडला. शेजारच्या गावचा तरुण शाळामास्तर. मामीने विचारलं, "घरची काही चौकशी?" मामा म्हणाले, "दोन मंडया मी याची बायको होतो. हात धरते त इचारून धरल्यावानी धरते. असल्याले पोरगी द्या लागते." वर पारखण्याची ही रीत दुसऱ्या कोणत्या बापाला जमली असेल, असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. मुलगी सुखात पडली.

पण एक गोष्ट एवढ्या हुशार माणसाच्या ध्यानातच आली नव्हती. दसरा झाला, मारुतीच्या देवळात दुपारची तालीम बसली आणि नायकाचं वाक्य आलं, "प्रिये, अशी जवळ ये." जावई उठला, कपाळावरचा घाम पुसला आणि हात जोडून म्हणाला, "मामाजी, तुमी थोडेसे जवळ या."

देऊळ हसून हसून लोळलं. मामा कडाडले, "जवाईबापू, मामाजी नाई, प्रिये!" तीनदा प्रयत्न झाला. तिसऱ्या वेळी जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामाजी, मी सोडतो नाटक. तुमी हाव त मंडई हाय." हे तो मनापासून बोलला. नाटकावर त्याचाही तेवढाच जीव होता.

त्यानंतर दोन दिवस मामा पाळीवर फिरायला गेले नाहीत. मी खोलीत डोकावलो, तर आरशासमोर बसलेले, हातात काजळाची डबी. कानांजवळचे केस ते काजळाने काळे करतात, हे मला त्या दिवशी कळलं. मला पाहून त्यांनी डबी लपवली नाही. "बापू," ते म्हणाले, "पंचवीस वर्सं लोक मले पाहाले आले. आता नाई आले त मी कोन?" उत्तर मामीने दिलं, दारात तांदूळ पाखडता पाखडता. "मी तुमाले पसंत केलं तवा तुमाले मिशी होती."

तिसऱ्या दिवशी मामा तालमीला आले आणि बाजूला बसले. "जवाईबापू नाटक सोडनार नाई. नायकाच्या मायचं काम मी करतो." नायिका गावच्या शिंप्याला केलं. मनगटाने पदर सारायला मामांनी त्याला आठ दिवस शिकवलं, पण तो मशीनवरचं कापड ओढावं तसाच ओढायचा.

मंडईला मामा रंग न लावता उभे राहिले. केस धुतलेले, कानांजवळ पांढरे. परदेशाहून परतलेला मुलगा आईच्या पाया पडतो, असा प्रसंग होता. आमच्याकडे सासरा जावयाच्या पाया पडतो, जावई सासऱ्याच्या नाही. त्या मांडवात जावई वाकला, मामांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. मी विंगेतून वाक्य सांगत होतो, ते दोघांपैकी एकानेही घेतलं नाही. मामा नुसते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. बायांच्या बाजूने एकही आवाज आला नाही.

सकाळी आम्ही तलावावर तोंड धुवायला गेलो. मामांनी सवयीने खसाखसा चेहरा चोळला, पाण्यात पाहिलं आणि हसले. "दरसाल धुतलं का खाली दुसराच मानूस निघे, बापू. यंदा धुतलं, त तोच निघाला. देवानं मले एवढं म्हातारं होऊ देलं, बरं केलं." आणि पाळीवर चढून चालायला लागले. मी म्हटलं, "आता फेऱ्या कायले, मामा?" "मायचं काम अजून वीस वर्सं पुरते!"

पुरलंही जवळजवळ तेवढंच. मिशी पांढरी झाली आणि बारा महिने ओठावर राहिली, कारण मामांनी नाटकातली आई तोंडाला पदर लावून बोलणारी करून टाकली. त्या वर्षापासून साय मामीच्या वाट्याला आली. तिने ती एक दिवसही चेहऱ्याला लावली नाही, भाकरीशी खाल्ली.

दोघंही आता नाहीत. मी त्या सकाळच्या मामांपेक्षा वयाने मोठा झालो आहे. तंबाखू मी कधी धरला नाही, फेऱ्या सोडल्या नाहीत. दाढी झाली की तोंड धुतो आणि आरशात पाहतो. तोच माणूस निघतो, थोडा मामांसारखा दिसणारा. मग पेज घ्यायला बसतो.