खालचं नाव

त्या दुपारी खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा, सूनबाई आणि नात. मुलगा कॉटवर, सूनबाई शिलाई मशीनवर, नात मोबाईल घेऊन दारात, आणि मी खाली बसून शिवलेल्या नऊवारीला नाडी ओवत होती. कळव्याची आमची चाळीतली खोली.

नात बोलली, "मम्मी, त्या बासरीवाल्याचा मेसेज आलाय. चिडलाय."

मशीन थांबली. माझा हात पण थांबला, कारण मला ठाऊक होतं.

आधीचं सांगते. मुलगा कंपनीतून घरी बसला, उजवा हात चालत नाही. तेव्हापासून घर सूनबाईच्या मशीनवर. ती शिवलेल्या नऊवारीचे व्हिडिओ मोबाईलवर आपल्या चॅनलवर टाकते, ते बघून ऑर्डरी येतात. पहिल्या दोन व्हिडिओंना तिने सिनेमातली गाणी लावलेली. सगळेच लावतात म्हणून. गाणंवाल्यांची दोनदा तक्रार आली. तिसरी आली की चॅनलच बंद, सगळे व्हिडिओ गेले. आणि लग्नसराई तोंडावर.

मग ती फुकटचं संगीत शोधायला लागली. मला वाटलं, फुकट म्हणजे फुकट, त्यात शोधायचं काय? ती बोलली, "नाही आई, फुकट मिळतं म्हणून वापरता येतं असं नाही. खाली अटी असतात." एक उघडलं तर लिहिलेलं, धंद्याला वापरू नका. आपण तर साड्या विकतो, म्हणजे ते गेलं. दुसऱ्याला त्याच्या गाण्याची कापाकापी चालत नव्हती. एक कोणी टाकलंय तेच कळेना. "चोरीचं असलं तर?" म्हणून तेही सोडलं. आठवडाभर ती कानात वायर घालून वाचत होती. शेवटी एकाची बासरी सापडली. त्याची अट एकच. व्हिडिओखाली माझं नाव लिहा. सूनबाईने लिहिलं, बासरी अमक्याची.

आता ते नाव पुरुषाचं. नळावर शेजारीण बोलली, "काय गं, सुनेच्या प्रत्येक व्हिडिओखाली हा बाप्या कोण?" दोघीतिघी हसल्या. मी चौथी शिकलेली, पण तेवढं वाचता येतं. पेन्सिलीचं चित्र दाबून पुसायचं नातीनेच शिकवलेलं. सूनबाई कापड आणायला कल्याणला गेलेली. मी बसली आणि एकेका व्हिडिओखालून ते नाव पुसलं. वाटलं, बरं काम केलं.

आता नात मेसेज वाचत होती. हिंदीत होता. नाव का काढलं? संध्याकाळपर्यंत लावा, नाहीतर तक्रार करतो.

"तू लिहिलंच नसशील," मुलगा सूनबाईवर ओरडला.

"लिहिलेलं हो. प्रत्येक ठिकाणी. आईशप्पत."

"मग काय उंदराने खाल्लं?"

ती मोबाईल घेऊन वरखाली बघत राहिली. मी आजवर पुष्कळ सोसलं. पाणी भरून घर गेलं, मालक गेले, कुणाला काही बोलली नाही. तेव्हाही गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. पण बोलणी सूनबाईलाच ऐकावी लागली असती.

"मी पुसलं," मी बोलली.

"आजी! का गं?"

"परक्या बाप्याचं नाव सुनेच्या नावाखाली बरं दिसतं का?"

सूनबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच बोलली, "आई, त्याने आपल्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं."

मग बसलो. मी दाखवत गेली, नात नाव परत लिहीत गेली. सूनबाईने त्याला कळवायला घेतलं, घरातल्या मोठ्या माणसाकडून चूक झाली. मी बोलली, "तसं नको. सासूने पुसलं असं लिही." तसं लिहिलं.

दिवे लागले तरी उत्तर नाही. मशीन बंदच. मुलगा दर थोड्या वेळाने विचारायचा, "आलं का?" चहा कुणी घेतला नाही.

मग मोबाईल वाजला. नातीने वाचलं, "ठीक है. सासूमाँ को नमस्ते बोलना."

सूनबाईने मशीनवर पाय ठेवला.

पुढच्या व्हिडिओत शेवटी ते नाव मी तोंडाने घेतलं. मालकांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. याचं घेतलं.

तुम्ही कुणाचं वाजवलेलं घेतलंत तर अटी नीट वाचून घ्या. आणि खाली कुणाचं नाव असेल तर राहू द्या, पुसू नका.