बेस वाढवला तेव्हा

मला गाणं नुसतं ऐकू येऊन भागायचं नाही, छातीत दणका बसला पाहिजे. नाशिकची पोरगी, ढोलांच्या आवाजात वाढलेली, त्याला कोण काय करणार! नव्वदच्या दशकात सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी टेपचा स्पीकर काढून माठाच्या तोंडावर बसवला होता. काय घुमायचा म्हणता! माठ आईचा, रोजच्या पाण्याचा. तेव्हा दुसरा दणका माझ्या पाठीत बसला.

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. दिवसभर पत्र्यावर धाड धाड. घरी आले की गप्प. आईशी तर जवळजवळ बोलतच नसत. आईचा आवाज नाजूक, बारीक. ती स्वयंपाकघरातून "अहो, चहा झालाय" म्हणायची आणि बाबा पेपरातून मानही वर काढायचे नाहीत. मग आई माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग त्यांना." मी माझ्या घोगऱ्या आवाजात सांगितलं की लगेच उठायचे. त्या आवाजावरून वर्गातली पोरं मला "काका" म्हणायची, मेली! घरात मात्र त्याला मान होता. "तुझंच ऐकतात. लाडकी ना!" असं आई म्हणायची आणि मी फुगून बसायचे.

आईच्या मनात एक गाठ होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, घोटीला शेवटच्या दुखण्यात पडली होती, तेव्हा आईनं बाबांना विचारलं, "जाऊ का चार दिवस?" बाबांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. पुन्हा विचारलं, तरी तेच. असलं काही पोरीकडून विचारायचं नसतं, आणि नवऱ्याला न विचारता माहेरी निघायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आई पडली मानी, तिनं परत विचारलं नाही. आजी तिची वाट बघत गेली. तेव्हापासून आईनं बाबांशी स्वतःहून बोलणं सोडलं. "दगड आहेत," ती मला म्हणायची. आणि मला ते पटायचं.

पुढं दोन हजार साल उलटलं, बाबा रिटायर झाले, आणि मी मेन रोडवरून बोटाएवढा एमपीथ्री प्लेयर आणला. दिसायला गोड, पण आवाज अगदीच पिचका. एका रविवारी सकाळी मी त्याचा इक्वलायझर घेऊन बसले. इवल्याशा पडद्यावर पाच पट्ट्या, डावीकडे जाड आवाजाच्या, म्हणजे बेसच्या, उजवीकडे बारीक. डावीकडच्या नुसत्या वर चढवल्या की आवाज फाटायचा. डोकं फिरलं माझं. शेवटी युक्ती सापडली. जाड आवाज आहे तिथंच ठेवायचा, बाकीचे सगळे खाली आणायचे आणि मग व्हॉल्यूम वाढवायचा. असला दणका की बस्स!

"काय खुडबुड चाललीये तुझी?" बाबा शेजारी येऊन बसले. मी इयरफोनची एक बाजू त्यांच्या कानात घातली, दुसरी माझ्या. गल्लीतल्या ढोल पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग होतं. बाबांचा चेहरा असा खुलला, बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. "वा! किती स्वच्छ येतंय!" मला एवढा आनंद झाला की फरक दाखवायला मी पट्ट्या उलट्या केल्या. जाड सगळे तळाला, बारीक सगळे वर. नेमके तेव्हाच ढोल थांबले आणि नुसत्या झांजा सुरू झाल्या. माझ्या कानात त्या अशा किंचाळल्या की मी डोळे मिटून घेतले.

"बंद का केलंस?" बाबा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी माझी बाजूही त्यांच्या दुसऱ्या कानात घातली. ते मन लावून ऐकत बसले, मग दोन्ही काढून माझ्या हातात दिल्या. "काही नाही गं. बिघडवलंस तू ते." झांजांचा आवाज माझ्या मुठीतून बाहेर येत होता.

आई मागे दारात उभी होती. बाबांची तिच्याकडे पाठ होती. मी म्हटलं, "आई, बाबांना हाक मार."

"मी? कशाला?"

"मार गं!"

"अहो," आई म्हणाली. बाबा माझ्याकडचा प्लेयर घेऊन उलटासुलटा करून बघत होते. "अहो!" ती ओरडली. काही नाही.

"बाबा," मी म्हटलं, नेहमीसारखंच.

"काय गं?"

"आई, त्यांना तुझा आवाज ऐकूच येत नाही."

"वेडी का तू? तुझं तर सगळं ऐकू येतं."

"माझा जाड आहे म्हणून! प्रेसच्या धाड धाडीत त्यांचे बारीक आवाज गेलेत." बोलून गेले आणि मलाच काहीतरी सणकन लागलं. लाडकीबिडकी कुठली! एवढी वर्षं मी नुसता बेस होते.

आई बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. "मी विचारलं होतं तुम्हाला, घोटीला जाऊ का म्हणून. दोनदा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते? ही नेहमी तोंडातल्या तोंडात बोलते."

मी सांगितलं.

"कधी?" बाबा म्हणाले. "कधी विचारलं? मी तर वाट बघत होतो, ही कधी निघते म्हणून. मी जा म्हटलं असतं तर हाकलल्यासारखं दिसलं असतं. म्हणून माळ्यावरची बॅग काढून हिच्या कॉटपाशी ठेवली. तर हिनं ती परत वर टाकली. मला वाटलं, कसली बाई आहे ही, आई तिकडे मरायला टेकलीये आणि हिचा पाय निघत नाही."

आई खाली बसली. म्हणाली, "मला वाटलं, माळा आवरायला काढलीये."

"काय म्हणते?" बाबांनी मला विचारलं.

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाज फुटेना.